तार एक, गिऱ्हाइकं चार

माणदेशातल्या म्हसवडच्या पेठेत एक चहावाला आहे असं धरा. त्यानं टपरीत इंटरनेट घेतलं आणि साखरेच्या बरणीमागं वायफायचा पासवर्ड चिकटवला. गिऱ्हाईक चहा पितं, मोबाइल चाळतं, पैसे देऊन निघून जातं. कुणाची काही हरकत नाही. उद्या त्यानं पासवर्डचे पाच रुपये वेगळे लावले तर? शेजारच्या टेलरला वायर ओढून दिली आणि महिन्याचं निम्मं बिल त्याच्याकडून घेतलं तर? की काहीच न लावता दहाचा चहा पंधराला केला तर? यांतल्या कुठल्या प्रकारात त्यानं इंटरनेट ‘विकलं’? प्रश्न टपरीवरचा वाटतो, पण त्यावर कंपन्या, सरकारं आणि वकील पन्नास वर्षं भांडत आलेत. त्या भांडणांतले हे काही चटकदार तुकडे.

घ्या, पण वाटू नका

सुरुवात इंटरनेटच्याही आधीची आहे. अमेरिकेत एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी मोठ्या गिऱ्हाइकांना खासगी तारा भाड्यानं द्यायची. अट एकच: तार तुमची तुम्ही वापरा, दुसऱ्याला विकू नका, वाटूनही घेऊ नका. १९७६ साली तिथल्या दूरसंचार आयोगानं ही अट बेकायदा ठरवली. निकालात विक्री आणि वाटणी हे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी होते हे ध्यानात ठेवा, पुढं वारणेच्या काठावर त्यांची गरज पडणार आहे.

याच सुमारास, म्हणजे १९७५ मध्ये, टेलिनेट नावाच्या कंपनीनं धंदा मांडला होता. टेलिफोन कंपनीकडून तारा भाड्यानं घ्यायच्या, त्यांच्या टोकांना आपले संगणक बसवायचे आणि ती जोडणी तुकड्या-तुकड्यांनी लोकांना विकायची. आज आपण जिला इंटरनेट कंपनी म्हणतो तिचा धंदा याहून फार वेगळा नाही. म्हणजे ही जमात जन्मानंच किरकोळ विक्रेत्यांची. पुढं याच कंपन्यांनी आपल्या गिऱ्हाइकांना ‘पुनर्विक्री करू नये’ असं बारीक अक्षरांत बजावलं, याला काय म्हणावं!

बॉस्टनजवळचं बहिष्कृत दुकान

१९८९ मध्ये बॅरी शाइन यांनी बॉस्टनजवळच्या ब्रूकलाइनमध्ये ‘द वर्ल्ड’ नावाची सेवा सुरू केली. पैसे भरा, मोडेम लावा, या. सामान्य माणसाला असं उघड्यावर इंटरनेट विकणारं हे पहिलं दुकान मानलं जातं. तेव्हा इंटरनेटचा कणा होता एनएसएफनेट. तो सरकारी पैशानं चाललेला, शिक्षण आणि संशोधनासाठीचा. त्यावर धंदा करायला मनाई होती. सरकारी रस्त्यावर हा माणूस टांगा चालवतो म्हणून काही जाळ्यांनी ‘द वर्ल्ड’ची वाटच अडवली. नंतर ‘प्रयोग म्हणून’ परवानगी मिळाली. प्रयोग म्हणून दिलेली परवानगी कधी परत घेतली जात नाही, हे आपल्या नगरपालिकेच्या गाळेधारकांनाही ठाऊक आहे.

धंदेवाल्यांचं मंडळ आणि वर्गणीचा घोळ

सरकारी रस्ता नको म्हणून पीएसआयनेट, यूयूनेट आणि सर्फनेट या तीन कंपन्यांनी १९९१ मध्ये आपला चौक बांधला. त्याचं नाव सीआयएक्स. इथं सभासदांची वाहतूक एकमेकांकडं फुकट जायची, बिलाचा हिशेब नाही. फक्त मंडळाची वार्षिक वर्गणी भरायची. छान चाललं होतं. मग सभासद कंपन्यांकडून जोडणी घेऊन पुढं विकणारे छोटे विक्रेते गल्लोगल्ली उगवले. वर्गणी भरायची सभासदानं आणि चौक वापरायचा त्याच्या गिऱ्हाइकाच्या गिऱ्हाइकानं! १९९४ मध्ये मंडळानं ठणकावलं, की पुनर्विक्री करणाऱ्यांनीही सभासद व्हावं, नाहीतर त्यांची वाहतूक गाळून टाकू.

आणि तिथंच गाडं अडलं. पुनर्विक्रेता नेमका कोण? मोडेमचा संच घेऊन बसलेला छोटा विक्रेता तर नक्कीच. पण माजी विद्यार्थ्यांना वर्गणी घेऊन जोडणी देणारं कॉलेज? आपल्या संगणकावर दुसऱ्याचं दुकान थाटून देणारी सल्लागार कंपनी? रेषा जिथं ओढावी तिथं कुणीतरी पाय ठेवून उभाच. हा वाद कुणी निकालात काढला नाही. ३० एप्रिल १९९५ ला एनएसएफनेट बंद झालं, सगळं इंटरनेटच बाजारात आलं आणि वादातली हवा निघून गेली.

तोवर आपल्याकडं

आपल्याकडं जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेतून परदेशाशी ईमेलची देवाणघेवाण १९८०च्या दशकाच्या अखेरीपासूनच सुरू होती. ‘अर्नेट’ हे त्या जाळ्याचं नाव. आयआयटी, आयआयएससी वगैरे त्याचे सभासद. अर्थातच अभ्यासापुरतं. प्राध्यापक असाल तर जगाशी बोला, किराणा दुकानदार असाल तर पोस्टकार्ड आहेच.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगम म्हणजे व्हीएसएनएलनं जनतेसाठी इंटरनेट खुलं केलं. स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त, पण दर मात्र माणूस बघून. तार तीच, मोडेम तोच. पण विद्यार्थ्याला वेगळा भाव, व्यावसायिकाला वेगळा, कंपनीला आणखी वेगळा. विद्यार्थ्याचं नुसत्या अक्षरांचं खातं ५०० रुपयांत यायचं आणि चित्रं दिसणाऱ्या खात्याला १५,००० मोजावे लागायचे. घरातल्या बारावीच्या पोराच्या नावावरचं खातं बापाच्या ऑफिसात कशाकशासाठी वापरलं गेलं असेल, याचा अंदाज ज्यानं त्यानं बांधावा.

अक्षरांचं खातं म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. मोडेम कर्कश ओरडायचा, काळ्या पडद्यावर युजरनेम मागितलं जायचं, मग पासवर्ड, मग एक यादी. ईमेलसाठी ‘पाइन’, पानं बघायला ‘लिंक्स’. माउस निरुपयोगी; बाणाच्या बटणांनी एकेका ओळीवर उतरायचं. जिथं चित्र असेल तिथं चौकटी कंसात ‘इमेज’ एवढाच शब्द. मुंबईकराच्या पत्त्यात ‘जीआयएएसबीएम०१’ असं काहीतरी असायचं, पुणेकराच्या पत्त्यात ‘पीएन’. ईमेलचा पत्ताच गावाचं नाव सांगायचा.

पाचशेच्या खात्याला पंधरा हजारांची ऐट

मग पोरांना ‘स्लर्प’ आणि ‘टीआयए’ सापडले. हे छोटे प्रोग्रॅम व्हीएसएनएलच्या यंत्रावर, आपल्या अक्षरी खात्यात चढवायचे. ते तिथं बसून असं सोंग वठवायचे, की घरच्या संगणकाला वाटावं आपण थेट इंटरनेटला जोडलो आहोत. चित्रं दिसू लागली! सावकाश दिसली, वरून खाली इंचाइंचानं उतरली, पण दिसली. ही पुनर्विक्री नव्हे, कारण कुणाला काही विकलं नव्हतं. पण दरपत्रक बनवणाऱ्यानं वर्गवारी करून ठेवावी आणि विशीतल्या पोरांनी ती एका रात्रीत सपाट करावी, हा खेळ या विषयात पुन्हा पुन्हा दिसतो.

म्हसवडहून लॉगिन कसं करायचं?

सोपं आहे: पुण्याला फोन लावून. ज्या गावाजवळ व्हीएसएनएलचं केंद्र नाही त्यानं केंद्राच्या शहराला एसटीडी लावायची. म्हसवडचा कोड ०२३७३, त्याच तालुक्यातल्या दहिवडीचा ०२१६५. तालुका एक, कोड दोन. पुणं इथून दीडशे किलोमीटरच्या पलीकडं. इंटरनेटच्या तासांचे पैसे वेगळे आणि ते गाठायला लावलेल्या एसटीडीचे वेगळे. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा, त्यामुळं खेड्यापाड्यांतल्या मोडेमवाल्यांची सकाळ रात्री अकराला उजाडायची.

पिवळ्या पाटीचा मालक

खरं तर तार किरकोळीनं विकणारा माणूस गावात आधीपासूनच होता. पिवळी पाटी: एसटीडी, आयएसडी, पीसीओ. काचेची केबिन, आत स्टूल, डोक्यावर लाल आकड्यांचं मीटर. पलीकडून ‘हॅलो’ आलं की आकडे पळू लागायचे आणि बोलणाऱ्याची नजर आकड्यांवर खिळायची. फोन ठेवला की छोट्या यंत्रातून चिठ्ठी फाडून हातात.

विटा, खानापूर, आटपाडी, माण या पट्ट्यात बूथचा धंदा जोरात का चालायचा, याचं कारण गलाई. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात इकडची माणसं केरळपासून पंजाबपर्यंत पांगलेली. गावाकडं आई-बाप, तिकडं दुकान आणि मध्ये ही काचेची केबिन. बूथवाला सरकारची तार मिनिटा-मिनिटानं विकायचा आणि कमिशन खायचा. त्याला कुणी पुनर्विक्रेता म्हणून नाक मुरडलं नाही, कारण त्याच्या पाटीवर सरकारचा हात होता. फरक तारेत नव्हता, पाटीत होता.

१९९९ च्या दूरसंचार धोरणात तर याच पीसीओंची ‘माहिती केंद्रं’ करायची असं लिहून ठेवलं होतं. बूथवाल्यानं ते धोरण वाचलं नाही. केबिनशेजारी एक संगणक मांडून तो मोकळा झाला.

१८८५ चा कायदा, १९९५ ची तार

संदेश वाहणारी यंत्रणा उभारण्याचा हक्क सरकारचा, बाकीच्यांनी परवाना घ्यावा: हे सांगणारा भारतीय तार कायदा १८८५ चा. काँग्रेस स्थापन झाली तेच साल. तार म्हणजे तेव्हा कट्ट-कडकट्ट करणारी तार. पण कायद्यातली व्याख्या अशी ऐसपैस होती, की टेलिफोन, फॅक्स, मोडेम, इंटरनेट सगळे त्याच पोत्यात बसले. घरच्या संगणकावर मोडेम लावून मित्रमंडळींसाठी संदेशफळा चालवणाऱ्या हौशी लोकांनाही १९९०च्या दशकात दूरसंचार खात्यानं परवाना दाखवला, आणि शुल्क लाखांत. पोरांनी निषेध केला. खिशात लाख असते तर ते फळा कशाला चालवत बसले असते?

गंमत पुढंच आहे. तार पाठवायची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. लोकांनी आठवण म्हणून शेवटच्या तारा केल्या, वर्तमानपत्रांत हळवे लेख आले. तारेचा कायदा मात्र ठणठणीत. त्याच्या जागी नवा दूरसंचार कायदा यायला २०२३ उजाडलं.

एक रुपयात इंटरनेट कंपनी

नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारनं खासगी कंपन्यांना इंटरनेट विकायची मुभा दिली. परवान्याचं शुल्क ऐका: पहिली पाच वर्षं काही नाही, पुढं वर्षाला एक रुपया. तीन वर्ग होते. ‘अ’ वर्ग सगळ्या देशासाठी, ‘ब’ एका दूरसंचार मंडळासाठी आणि ‘क’ टेलिफोन खात्याच्या साधारण जिल्ह्याएवढ्या विभागासाठी. म्हणजे ‘क’ वर्गाचा परवाना घेऊन कुणीही सातारा विभागाचा इंटरनेटवाला होऊ शकत होता. बँक हमी मात्र खरी लागायची: ‘अ’ ला २ कोटी, ‘ब’ ला २० लाख, ‘क’ ला ३ लाख. परवान्यावरचा रुपया पेपरात गाजला आणि हमीचे तीन लाख बातमीच्या तळाशी राहिले.

प्लायवुडची केबिन

आता मुख्य पात्र. सायबर कॅफेवाला सेवादात्याकडून जोडणी घ्यायचा आणि तासावर लोकांना द्यायचा. ही पुनर्विक्री नाही तर काय? तरी त्याला इंटरनेट कंपनीचा परवाना लागत नव्हता. युक्तिवाद असा, की तो जोडणी विकत नाही. तो खुर्ची, संगणक आणि वेळ भाड्यानं देतो. बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर जुलै १९९६ मध्ये कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान निघालं, ते कॉफी आणि इंटरनेट एकत्र विकायलाच. त्यात कॉफी कितीची आणि इंटरनेट कितीचं, हे वेगळं काढून दाखवा बघू.

तालुक्याच्या गावात कॉफीची भानगड नव्हती. प्लायवुडच्या तीन-चार केबिनी, दाराऐवजी पडदा, टेबलाखाली गुडघ्याला लागणारा गरम डबा, की-बोर्डवरची घासून गेलेली अक्षरं. दारात मालकाचं टेबल आणि त्यावर वही: नाव, आत कधी, बाहेर कधी. घड्याळ मालकाच्या डोक्यावर, म्हणजे भांडण झालं तर निकाल कुणाच्या बाजूनं हे ठरलेलं. लाइन तुटली तर ती मिनिटं धरायची की नाही, यावर जेवढे वाद या टेबलांवर झाले तेवढे दूरसंचार लवादापुढंही झाले नसतील.

आणि मोडेम एकच! एका मोडेमवर चार मशीन चालवायची किमया ‘विनगेट’ नावाच्या न्यूझीलंडच्या प्रोग्रॅमनं केली. तो १९९५ चा. पुढं १९९९ मध्ये विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीतच ही सोय आली. या सोयीच्या मुळाशी असलेली एक युक्ती मे १९९४ मध्ये कागदावर मांडली गेली होती. बाहेरून पत्ता एकच दिसतो, आत संगणक कितीही असोत. पत्ते वाचवायला काढलेली ही युक्ती, पण तिनं पुनर्विक्रीचा प्रश्नच झाकून टाकला. तारेच्या वरच्या टोकाला बसलेल्या कंपनीला खाली घर आहे, वर्ग आहे की चार केबिनींचं दुकान, हे सहजी कळेनासं झालं.

कॅफेवाल्याचा सुगीचा दिवस म्हणजे दहावी-बारावीचा निकाल. दारात चपलांचा ढीग, हातात बैठक क्रमांकाच्या चिठ्ठ्या. पान उघडत नाही, पुन्हा दाबा, उघडलं, छापा. प्रत्येक कागदाचे पैसे वेगळे. त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या एकाही बापानं इंटरनेट विकत घेतलं नाही. त्यानं पोरीचे टक्के विकत घेतले. माझ्या मते सरकारांना आणि कंपन्यांना हेच कधी नीट उमगलं नाही: भांडण तारेच्या मालकीवर चाललेलं आणि गिऱ्हाइकाला तार नकोच होती.

साडेचार फुटांचं सरकार

केबिनींत पोरं काय बघतात, ही चिंता २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयानं समिती नेमली, ओळखपत्राची चर्चा सुरू झाली. पुढं २०११ मध्ये केंद्रानं सायबर कॅफेंसाठी नियम काढले. केबिनीच्या आडोशाची उंची जमिनीपासून साडेचार फुटांपेक्षा जास्त नको. अल्पवयीन मूल केबिनीत बसायचं तर सोबत पालक हवा. नोंदी किमान वर्षभर जपा. इंटरनेट कोण विकू शकतो यावर इतकी वर्षं काथ्याकूट झाला, आणि शेवटी नियम निघाला तो प्लायवुड किती उंच कापायचं याचा.

हेडफोनचा गुन्हा

१ एप्रिल २००२ पूर्वी इंटरनेटवरून अमेरिकेतल्या पोराशी बोलणं आपल्याकडं बेकायदा होतं. एप्रिल फूलचा मुहूर्त असला तरी थट्टा नाही. आयएसडीचा मिनिटाचा दर डोळे पांढरे करणारा, आणि इंटरनेटवरून तेच बोलणं जवळजवळ फुकट. व्हीएसएनएल स्वतःच आयएसडीचा मालक, म्हणून अशा बोलण्याच्या सेवा अडवून ठेवलेल्या. तरीही कॅफेत एखाद्या कोपऱ्यात हेडफोन लटकलेला असायचा, ‘गाणी ऐकायला’. इथं मात्र पुनर्विक्रीचा आरोप उलटा होता: इंटरनेट विकलंत ते ठीक, पण त्यातून टेलिफोन का विकलात?

वारणेचा काठ: विकलं नाही, वाटलं

म्हसवडहून दक्षिणेला उतरलं की सांगली जिल्हा, आणि त्याच्या पलीकडं वारणा. १९९८ मध्ये इथं ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं, वारणेचा सहकारी साखर कारखाना आणि केंद्राची एनआयसी ही संस्था. गावागावांत संगणकाची केंद्रं, ती वारणानगरला जोडलेली. देशात खासगी इंटरनेट सुरू होत होतं त्याच वर्षी उसाच्या पट्ट्यात ही तार पोचली, हे कौतुकाचंच.

पुनर्विक्रीच्या अंगानं बघितलं तर हा नमुना भारी आहे. कारखाना सभासदांचा, शेतकरी सभासद, तार कारखान्याची. मग विकणारा कोण आणि घेणारा कोण? १९७६ च्या त्या निकालातला दुसरा शब्द, वाटणी, इथं चपखल बसतो. सहकारात माणूस स्वतःलाच माल विकत नाही.

केंद्रावर यायचं कशाला? बाजारभाव बघा, पीकसल्ला घ्या, सरकारी योजना वाचा, असं कागदावर पुष्कळ होतं. शेतकरी येऊन विचारायचा ते वेगळंच. काट्यावर माझ्या उसाचं टनेज किती भरलं? खताचं माझ्या नावावर किती पडलं? तोड कधी? बिल कधी? केंद्रातला पोरगा बटणं दाबायचा आणि कागद काढून द्यायचा. पूर्वी त्याच कामासाठी कारखान्यावर खेप व्हायची, ती वाचली. शेतकऱ्याच्या लेखी इंटरनेट म्हणजे वाचलेली खेप.

काही वर्षांनी बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चची माणसं इथं आली. त्यांनी पाहिलं, की संगणक मुख्यतः ऊस आणि कारखाना यांच्यामधल्या निरोपांपुरते चालतात. त्या निरोपांना एवढी यंत्रं कशाला? त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस लावून बघितलं. शेतकऱ्यानं निरोप पाठवायचा, उत्तरात टनेज यायचं. चाललं! प्रयोगाचं नाव होतं ‘वारणा अनवायर्ड’. गाव तारेनं जोडल्याचा गाजावाजा आधी झाला आणि तार काढून घेतल्याचं कौतुक नंतर. दोन्ही खरं.

अंगठ्यांची बँक, पाच मिनिटांची जाहिरात

म्हसवडचं नाव देशात ज्या संस्थेमुळं घेतलं जातं ती माणदेशी महिला सहकारी बँक. १९९७ ची, चेतना गाला सिन्हा यांनी इथल्या बायकांना सोबत घेऊन उभी केलेली. रिझर्व्ह बँकेनं पहिल्यांदा परवाना नाकारला, कारण प्रवर्तक बायकांतल्या बऱ्याच जणी अंगठा उठवणाऱ्या. मग बायका अक्षरं गिरवून पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचं गणित आम्ही तोंडी करतो, तुमचे साहेब यंत्राशिवाय करतात का बघू. परवाना मिळाला. व्हीएसएनएलच्या दरपत्रकासारखंच, इथंही आधी माणसाचा वर्ग बघितला आणि मग कुवत.

याच माणदेशीचा सामुदायिक रेडिओ ‘माणदेशी तरंग’ २००८ पासून ९०.४ वर ऐकू येतो. सामुदायिक रेडिओच्या २००६ च्या धोरणात जाहिरात तासाला पाच मिनिटांपुरतीच होती. हवा विकायची, पण मोजून. रेडिओच्या बाबतीत सरकारनं मिनिटांत रेषा आखली. इंटरनेटच्या बाबतीत तसं मोजमाप कुणाला सापडलं नाही.

रात्री दोनचा गजर

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ‘डेटावन’ आलं. २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड, हे आदल्या वर्षीच्या धोरणानं ठरवलेलं. त्यातल्या एका लाडक्या योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोजलं जायचं नाही. घराघरांत दोनचा गजर लागू लागला. सिनेमा उतरवायला लावायचा, झोपायचं, आठच्या आत बंद करायचं. आठ वाजून दहा मिनिटांनी जाग आली तर बिलातच कळायचं.

इथून शेजारधर्म सुरू झाला. एक जोडणी, जिन्यातून वायर, तीन घरं, बिल तिघांत. माणदेशात उन्हाळ्यात दारी आलेल्या टँकरमधली घागर शेजारणीला दिली तर तो धर्म असतो, बॅरल भरून दिलं आणि पैसे घेतले की तो धंदा होतो. वायरीचं तसंच, पण घागर कुठं संपते आणि बॅरल कुठं सुरू होतं हे कंपनीच्या अटींत लिहिता आलं नाही, म्हणून सरसकट मनाईच लिहिली गेली.

न्यूयॉर्कमध्ये टाइम वॉर्नर केबलनं २००२ मध्ये शेजाऱ्यांना वायफाय वाटणाऱ्या गिऱ्हाइकांना ताकीद देणारी पत्रं धाडली. पुढच्याच वर्षी सिअॅटलच्या स्पीकईझी या कंपनीनं उलटा डाव टाकला: वाटा, खुशाल विका, शेजाऱ्याचं बिल आम्हीच करतो आणि त्यातला वाटा तुम्हाला देतो. आम्ही वाटणाऱ्याला चोर म्हणत नाही, एजंट म्हणतो, असं त्यांचं धोरण.

फुकटाचा धाक

पैसे न घेता वाटलं तर कायद्याला काय करायचंय? जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी धमकीचा ईमेल गेला तो नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरातून. म्हणजे त्या घराच्या पासवर्ड नसलेल्या वायफायवरून. घरमालकाला कल्पनाही नव्हती. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्यानं वायफाय सुरक्षित ठेवण्याबद्दल सूचना काढल्या. विकणाऱ्याकडं निदान वही असते, नाव-गाव असतं. फुकट देणाऱ्याकडं काहीच नसतं. पोलिसांच्या नजरेतून पाहिलं तर पैसे घेणारा बरा.

शेवटी चहावाल्याला हक्क मिळाला

९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळानं ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर केली. किराणावाला, चहावाला, झेरॉक्सवाला, कुणीही दुकानात वायफाय लावून ते लोकांना विकू शकतो. परवाना नको, सरकारी नोंदणी नको, शुल्क नको. त्याला नाव मिळालं पब्लिक डेटा ऑफिस, म्हणजे जुन्या पीसीओची नातच. वर एक जुळवणारी संस्था असते, ती गिऱ्हाइकाची ओळख आणि हिशेब सांभाळते. दूरसंचार नियामक ट्रायच्या मनात आधीपासून २ ते २० रुपयांच्या पुड्या होत्या. शाम्पूची पुडी ज्या खिळ्याला लटकते त्याच खिळ्याला इंटरनेटची.

ज्या गोष्टीसाठी बॉस्टनमध्ये वाट अडवली गेली, तीच म्हसवडच्या टपरीत सरकारनं बोलावून करायला सांगितली. पण तार विकणारे इतक्या सहज कसे ऐकतील? चहावाला जोडणी मागायला गेला की ऐकायला मिळायचं, की तुम्ही पुढं विकणार, मग घरगुती दर नाही, महागडी लीज लाइन घ्या. १९९४ च्या मंडळाचं बोलणं जसंच्या तसं! पाच रुपयांच्या पुड्या विकून लीज लाइनचं बिल निघायला टपरीत रोज रथयात्रा भरावी लागेल. अखेर जून २०२५ मध्ये ट्रायनं निवाडा केला: २०० एमबीपीएसपर्यंतची घरगुती फायबर योजना अशा दुकानदाराला द्यायची झाली, तर किरकोळ दराच्या दुपटीहून जास्त घ्यायचं नाही.

म्हणजे पुनर्विक्रीची किंमत कायद्यात उतरली: जास्तीत जास्त दुप्पट. पण त्याआधीच, २०१६ मध्ये, जिओ आलं आणि खिशातलाच डेटा इतका स्वस्त झाला, की पुडी घ्यायला गिऱ्हाईक फिरकेना. एक कोटी हॉटस्पॉटचं लक्ष्य २०२२ साठी ठेवलं होतं. गाडी बरीच मागं राहिली. अपवाद जत्रेचा. देवदिवाळीला म्हसवडमध्ये सिद्धनाथाचा रथ निघतो, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, माणसांची दाटी होते आणि मोबाइलचं नेटवर्क मान टाकतं. दाटीत चुकलेल्या पोराचा फोटो घरच्यांना पाठवायचा तर त्या दिवशी पाच रुपयांची पुडी कुणीही घेईल.

आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटचं काय? एसटीत शेजारच्यानं ‘दादा, जरा दोन मिनिटं नेट द्या’ म्हणून मागितलं, तुम्ही दिलं आणि दहिवडीला गाडी थांबल्यावर त्यानं आग्रहानं वडापाव खिलवला. हे दान झालं, वाटणी झाली की विक्री, यावर ट्रायनं अजून सूचना मागवलेल्या नाहीत.